‘ऐकू येते, पण कळत नाही’ : शीवच्या टेकडीवरील एक संध्याकाळ

वाचकहो, शीव कोळीवाड्यातील माझ्या दवाखान्यात एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. मुलगा किंवा सून वृद्ध वडिलांना घेऊन येते, त्यांना बाकावर बसवते आणि आवाज खाली आणून मला सांगते, “डॉक्टर, हल्ली यांना काही आठवत नाही. एक विचारले तर दुसरेच उत्तर देतात. चारचौघांत गप्प बसून राहतात.” मी स्मृतीची साधी चाचणी घेतो, रक्त तपासायला सांगतो आणि आवश्यक वाटल्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. हेच दुखणे माझ्या घरात आले, तेव्हा मात्र मी चुकलो. ती चूक लक्षात आणून देण्याचे काम एका टेकडीने आणि हातात मावणाऱ्या एका रेडिओ संचाने केले. आपल्या घरीही कुणी असे गप्प होत चालले असेल, म्हणून हा अनुभव सांगतो.

माझे वडील, आमचे अण्णा, आज एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची सारी नोकरी तारखात्यात गेली. देशातील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी बंद झाली, त्याच्या बऱ्याच आधी ते निवृत्त झाले होते. तरी त्या रात्री ते उशिरापर्यंत जागे होते, हे मला आठवते. तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर अण्णांचे बोलणे हळूहळू कमी झाले. जेवताना आम्ही हसलो की तेही हसत, परंतु एक क्षण उशिरा. नात काही सांगू लागली की मान डोलावत आणि थोड्या वेळाने उठून खोलीत जात. हे दुःख असावे, असे मला प्रथम वाटले. पुढे उत्तरे विसंगत येऊ लागली, तेव्हा स्मृतिभ्रंशाची शंका मनात आली.

एका रात्री मी त्यांना तीन शब्द सांगितले : पान, किल्ली, दोरी. पाच मिनिटांनी विचारले. ते म्हणाले, “कान, दिल्ली, दोरी.” तीनपैकी दोन चुकले. मी मनाशी निदान पक्के केले आणि ते पत्नीला सांगितलेही. या चाचणीत शब्द सांगितल्यावर रुग्णाकडून ते लगेच परत म्हणवून घ्यायचे असतात. घरचाच माणूस म्हणून ती पायरी मी गाळली. दवाखान्यात मी ती कधी गाळत नाही.

सीमेवरची टेकडी

आमची नात, म्हणजे अण्णांची नात आणि माझी कन्या, अभियांत्रिकीला आहे. महाविद्यालयात असताना तिने हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला सामान्यतः ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्याचा, परवाना मिळवला. हा परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन देतो. त्यासाठी वयाची किमान अट बारा वर्षांची आहे. कमाल वयाची अट नाही. परवान्याबरोबर ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची खूण मिळते, तिला ‘कॉल साइन’ म्हणतात. हा छंद व्यवसायासाठी नसतो. आकाशवाणीसारखे कार्यक्रमही त्यावर प्रसारित करायचे नसतात. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हाक मारायची, आवाज कसा पोहोचतो आहे ते सांगायचे, चार शब्द बोलायचे आणि वहीत नोंद करायची, एवढाच त्याचा विस्तार.

हे काम वाटते तेवढे क्षुल्लक नाही. डिसेंबर २००४ मध्ये हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात गेलेल्या भारती प्रसाद यांनी त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून कितीतरी कुटुंबांपर्यंत आप्तांची खुशाली पोहोचवली होती. २६ जुलै २००५ चा प्रलय आपण मुंबईकरांनी पाहिला आहे. दूरध्वनी मुके झाले की माणूस किती एकटा पडतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

छोट्या संचाच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत प्रवास करतात. मध्ये इमारती आल्या की त्या अडखळतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. तोच तीस मीटर उंचीवर गेला, तर ते वीस किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणून हौशी मंडळी संच घेऊन उंचावर जातात. डोंगरमाथ्यांवरून संपर्क साधण्याचा एक रीतसर उपक्रम २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. त्याच्या नियमांत बसण्याइतकी उंची आमच्या शीवच्या टेकडीला नाही. परंतु घरापासून ती चालत जाण्याजोगी आहे, आणि उपनगरांकडची बाजू तेथून मोकळी दिसते.

शीव या शब्दाचा अर्थच गावाची सीमा. इंग्रजांच्या ताब्यातील परळ बेट आणि पोर्तुगिजांच्या ताब्यातील साष्टी यांच्या सीमेवर, १६६९ ते १६७७ या काळात, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या कारकिर्दीत येथे किल्ला बांधला गेला. आज त्याचे पडके अवशेष उरले आहेत, आणि पायथ्याशी बाग आहे. पूर्वी पलीकडच्या तीरावर नजर ठेवण्यासाठी लोक येथे चढत. आम्ही पलीकडच्या तीरावरचे बोलणे ऐकण्यासाठी चढू लागलो.

वहीतली अक्षरे

एका रविवारी नातीने आजोबांना बरोबर घेण्याचा हट्ट धरला. मी विरोध केला : पायऱ्या झिजलेल्या, अण्णांचा उजवा गुडघा दुखणारा, आणि मनात ते दुसरे निदान. अण्णांनी चपला बाजूला सारून बूट घातले आणि विचारले, “वर जायचा परवाना कोणत्या खात्याकडून मिळतो रे?” मग माझे काही चालले नाही.

उन्हे कलल्यावर आम्ही वर पोहोचलो. नातीने हाक दिली. पनवेलच्या बाजूने कुणी उत्तर दिले, पाठोपाठ ठाण्याहून आणि मग कल्याणकडून. परवाना नसलेल्याने माइकवर बोलायचे नसते, म्हणून अण्णांना तिने नोंदवही दिली आणि संचाचा इअरफोन त्यांच्या कानात बसवला. ते दगडावर बसून लिहू लागले. वेळ, कॉल साइन, आवाजाची प्रत, गाव. पाऊण तासात नऊ संपर्क झाले. नातीने आपल्या ध्वनिमुद्रणाशी वही ताडून पाहिली. एकही अक्षर चुकलेले नव्हते. खाली उतरताना अण्णांनी ती नऊही गावे क्रमाने म्हणून दाखवली.

ज्याला पाच मिनिटांपूर्वीचे तीन शब्द आठवत नाहीत, त्याला पाऊण तासातली नऊ गावे क्रमाने कशी आठवतात? हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. तेच तीन शब्द कागदावर लिहून अण्णांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि माझ्याकडे पाहिले. “तू त्या दिवशी ‘पान’ म्हणाला होतास? मला ‘कान’ ऐकू आले.” त्यांनी ऐकलेले सारे अचूक लक्षात ठेवले होते. चुकीचे पोहोचले होते ते माझे बोलणे.

कानांत नेमके काय होते?

वार्धक्यातील श्रवणदोष हा बहुधा दोन्ही कानांत आणि अतिशय सावकाश येतो. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून ते ऐकू येत राहतात. क, ट, त, प, स, श यांसारखी कोवळी व्यंजने मात्र पुसट होतात. शब्दाचा नाद पोहोचतो, पण ज्यामुळे ‘पान’ आणि ‘कान’ यांत फरक पडतो तो अंश गळतो. म्हणूनच वृद्ध सांगतात, “ऐकू येते, पण कळत नाही.” ही सबब नसते. ते आपल्या आजाराचे अचूक वर्णन करीत असतात.

अशा माणसासमोर ओरडून बोलल्याने स्वर तेवढे मोठे होतात. व्यंजने स्पष्ट होत नाहीत. वर ओरडणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग दिसतो. घरात पंखा, दूरदर्शन, कुकरची शिट्टी आणि एकाच वेळी बोलणारी चार माणसे असतील, तर उरलेसुरलेही बुडून जाते. लहान मुलांचे आणि स्त्रियांचे आवाज उंच पट्टीचे असल्यामुळे ते आधी हरवतात. आजोबा नातीपासून दूर का जातात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

यात आणखी एक धोका आहे. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांचा आढावा घेणाऱ्या ‘लॅन्सेट’ आयोगाने श्रवणदोषाला त्या यादीत स्थान दिले आहे. ऐकू न येणारा माणूस माणसांतून उठतो, आणि एकटा पडलेला मेंदू काम सोडू लागतो. श्रवणदोष म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. परंतु त्याच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

टेकडीवर अण्णांना का समजले, हेही आता सांगता येते. आवाज थेट कानात आणि पुरेसा मोठा येत होता. एका वेळी एकच माणूस बोलत होता. शिवाय रेडिओवर ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही सारखी वाटणारी अक्षरे तशीच न उच्चारता ‘ब्राव्हो’, ‘डेल्टा’, ‘पापा’, ‘टँगो’ अशी म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्यवहारात १९५६ पासून रूढ असलेली ही अक्षरमाला तयार केली गेली, ती अंधुक आवाजातही चूक होऊ नये म्हणूनच. बोलणारा आपले म्हणणे संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणतो. ऐकणारा ऐकलेले परत म्हणून दाखवतो. समजले नाही तर निःसंकोच म्हणतो, पुन्हा सांगा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

मी अण्णांना विचारले, “घरी तुम्ही ‘पुन्हा सांग’ का म्हणत नव्हता?” ते म्हणाले, “कचेरीत शंका आली की पुन्हा विचारणे हे आमचे कर्तव्य होते. चुकीची तार गेली तर कुणाचे लग्न मोडायचे. घरी दोनदा विचारले की तुम्ही म्हणता, ‘जाऊ दे, काही नाही.’ मग मीही जाऊ दिले.”

वाचकहो, “जाऊ दे, काही नाही” हे शब्द मी स्वतः किती वेळा उच्चारले असतील, याची मोजदाद माझ्याकडे नाही.

दुसरी चूक

येथवर गोष्ट गोड आहे. पुढच्याच खेपेला टेकडीवर अर्धा तास बसून अण्णा एकदम उठले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नातीने दंड धरला म्हणून ते पडले नाहीत. मी तिच्यावर रागावलो आणि टेकडी बंद असे जाहीर करून टाकले. घरी आल्यावर आडवे झोपवून त्यांचा रक्तदाब मोजला : वरचा आकडा १३८. उभे करून दोन मिनिटांनी मोजला : १०८. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरला, तर तो दोष मानला जातो. अण्णांना रक्तदाबाची गोळी मी देत होतो. प्रोस्टेटची गोळी वर्षभरापूर्वी सुरू झाली होती. तीही रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र घेतल्यावर उभ्याने काय होते, हे मी कधी मोजलेच नव्हते. दोष टेकडीचा नव्हता. तेथे तो उघड झाला, हे बरेच झाले. नाहीतर एखाद्या रात्री न्हाणीघरात तो उघड झाला असता.

औषधांची मात्रा आणि वेळ बदलून, तीन आठवडे सपाटीवर चालून आणि उभ्याने रक्तदाब पुन्हा तपासूनच आम्ही वर गेलो. वाचकांनी गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच बदलू नयेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच म्हणावे : “एकदा उभे करून मोजा.”

चढण्यापूर्वी, चढताना, उतरताना

पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. छोटी टेकडी या दोन्ही गोष्टी देते, मात्र काही पथ्ये सांभाळावी लागतात.

चालताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम यांपैकी काहीही जाणवले, तर तेथेच थांबून मदत मागवावी. “वर जाऊन बसू” असे म्हणू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढण दमवते खरी, पण पाडते ती बहुधा उतरण. कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. हनुवटी छातीकडे झुकवून वरच्या भिंगातून पायरी पाहावी. सोबत्याने चढताना वृद्धाच्या मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली असावे. बसल्यावर उठण्याआधी पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवावीत, उभे राहून दहापर्यंत मोजावे आणि मगच पाऊल टाकावे. सूर्य मावळण्यापूर्वी खाली आलेच पाहिजे. गप्पा कितीही रंगल्या तरी.

कानांसाठी काय करावे?

प्रथम कानातील मळ तपासून घ्यावा. कित्येकांचा निम्मा त्रास तेवढ्यानेच जातो. काडी किंवा हेअरपिन कानात घालू नये. त्यानंतर श्रवणचाचणी करावी. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि बहुतेक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत ती होते. एका कानाने अचानक, एकदोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजावी आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. तेथे दिवसांचा उशीर महाग पडतो.

श्रवणयंत्र चष्म्यासारखे पहिल्या दिवसापासून सोयीचे होत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूवर एकदम आदळतात. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज असह्य वाटतो. सुरुवातीला शांत खोलीत अर्धा-एक तास घालावे आणि रोज वेळ वाढवावी. सरावाला काही आठवडे लागतात. “यंत्र घेतले, पण कपाटातच पडून आहे” असे म्हणणाऱ्यांनी ते दुरुस्त करून बसवणाऱ्याकडे पुन्हा जावे. ध्वनीची जुळणी एका भेटीत क्वचितच साधते. मुंबईच्या दमट हवेत यंत्र रात्री काढून, ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद डबीत ठेवावे.

अण्णांना यंत्र घेऊन आठ महिने झाले. पहिला महिना कटकटीचा गेला. यंत्राने सारे परत मिळालेले नाही. गर्दीत अजूनही गोंधळ होतो. म्हणून आम्ही घरी टेकडीवरचे नियम लावले आहेत. जेवताना दूरदर्शन बंद. एका वेळी एकाने बोलायचे, उजेडात आणि समोरून, ओठ दिसतील असे. आवाज नेहमीचाच ठेवायचा, गती थोडी कमी करायची. वाक्य समजले नाही तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचे. औषध, वेळ, रक्कम अशा महत्त्वाच्या गोष्टी अण्णांनी परत म्हणून दाखवायच्या. आणि “जाऊ दे, काही नाही” हे वाक्य घरात कुणीही वापरायचे नाही. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड ठरला, आणि तो सर्वाधिक वेळा मीच मोडला.

अण्णा आता परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात. दुपारी दवाखान्यातून घरी आलो की कधीकधी त्यांच्या खोलीतून मोर्सचा टकटकाट ऐकू येतो. बोटांना साठ वर्षांपूर्वीची सवय आठवते आहे. परीक्षेत काय होईल ते होवो. गेल्या रविवारी नातीने काही सांगितले, ते त्यांना कळले नाही. ते उठून खोलीत गेले नाहीत. खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाले, “पुन्हा सांग. ओव्हर.”

आपल्या घरी जे कुणी गप्प झाले असतील, त्यांच्यासमोर आज संध्याकाळी बसा. पंखा थोडा कमी करा. चार सोपे शब्द सावकाश सांगा आणि त्यांना काय ऐकू आले, ते विचारा. उत्तर चुकीचे आले, तर स्मृतीवर शंका घेण्याआधी तेच शब्द कागदावर लिहून दाखवा.